२७ अंशांचं नाशिक

नाशकात ‘फिल्टर’ म्हटलं की द्राक्षबागायतदाराच्या डोळ्यांपुढे ठिबकच्या मोटारीशेजारची वाळूची टाकी उभी राहते. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांच्या डोळ्यांपुढे येतो ७४१. आठ पायांचा काळा किडा, त्याच्याभोवती चार रेझिस्टर-कपॅसिटर, झाला फिल्टर. त्याची वारंवारता बदलायची असेल तर मात्र कपॅसिटर उपटा आणि दुसरा खुपसा.

गेल्या आठवड्यात इथल्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बघायला गेलो होतो. बाहेर चाळीस अंश, लॅबमध्ये पंखे गरम हवा ढवळत होते. ‘अ‍ॅटेंडन्स सिस्टीम’, ‘स्मार्ट डस्टबिन’ असं करत करत एका टेबलावर पाटी दिसली, ‘ट्यूनेबल करंट-मोड फिल्टर’. मी खुर्ची ओढून बसलोच.

ज्यांनी पाटाचं पाणी पाहिलंय त्यांना ही भानगड समजावून सांगावी लागत नाही. व्होल्टेज म्हणजे पाण्याची पातळी, करंट म्हणजे वाहणारं पाणी. दोन पाट एकमेकांना मिळाले की पाण्याची बेरीज आपोआप होते. पातळ्यांची तशी होत नाही, त्यासाठी ऑप-अँप आणि रेझिस्टरांचा गोतावळा जमवावा लागतो. करंट-मोड सर्किटात सिग्नल वाहताच ठेवतात. दोन तारा एका बिंदूत जोडल्या की बेरीज झाली. ट्यूनेबल म्हणजे त्यावर दारं धरण्याची सोय.

या पोरांनी एलएम १३७०० वापरला होता. आत आलेल्या व्होल्टेजच्या बदल्यात किती करंट बाहेर द्यायचा, हा या चिपचा भाव, ज्याला जीएम म्हणतात, तो आपण एका पायात सोडलेल्या बायस करंटवर ठरतो. १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर घेतले तर साधारण ३३ मायक्रोअँपिअरला फिल्टर १ किलोहर्ट्झवर बसतो, ६६ केले की २ किलोहर्ट्झवर. कपॅसिटरला हातही लावायचा नाही. अंबड-सातपूरमध्ये ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटारीची धडधड मोजणाऱ्याला याचं मोल कळेल. मोटारीचा वेग निम्मा झाला की धडधडीची वारंवारताही निम्मी होते, आणि फिल्टरला तिच्या मागोमाग जावं लागतं. हे सगळं मायक्रोकंट्रोलर करतो की, असं कुणी म्हणेल. करतो. पण सिग्नल आकड्यांत बदलण्याआधी त्यातला वरचा कचरा गाळावाच लागतो, आणि ते काम अ‍ॅनालॉग फिल्टरचंच.

गंमत म्हणजे ७४१ आणि करंट-मोडचा मूळपुरुष एकाच वर्षीचे, १९६८चे. तिकडे फेअरचाइल्डने ७४१ बाजारात आणला, इकडे टोरांटोत स्मिथ आणि सेड्रा यांनी ‘करंट कन्व्हेयर’ मांडला. होय, तेच सेड्रा-स्मिथ, ज्यांचं जाडजूड पुस्तक आपली पोरं उशाशी घेऊन झोपतात. दोन वर्षांनी त्यांनी कन्व्हेयरची सुधारलेली आवृत्तीही दिली. पण ७४१ ही विकत मिळणारी चिप होती आणि कन्व्हेयर नुसती कल्पना. मग काय, आजही आपल्या लॅबच्या कपाटात ७४१चीच पाकिटं. कन्व्हेयरच्या एका टोकाला नको असलेला अंगचा रेझिस्टन्स असतो. १९९६ साली फ्रान्समधल्या फाब्र आणि सहकाऱ्यांनी त्याचंच सोनं केलं. तो रेझिस्टन्स बायस करंटने कमी-जास्त होतो ना, मग त्यानेच वारंवारता फिरवा!

पोरांनी ग्राफ दाखवला. सुबक, एखाद्या गोपुरासारखा टोकदार, बरोबर १ किलोहर्ट्झवर.

“तापमान किती धरलं होतं?”

“डिफॉल्ट, सर.”

डिफॉल्ट म्हणजे २७ अंश. स्पाइस सिम्युलेटरमध्ये बारा महिने चोवीस तास २७ अंशच असतात. माझं भांडण आहे ते इथे. जीएम हा बायस करंट भागिले दोनदा व्हीटी, आणि हा व्हीटी, म्हणजे थर्मल व्होल्टेज, खोलीच्या तापमानाला सुमारे २६ मिलिव्होल्ट, निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे तोच ३३ मायक्रोअँपिअर ठेवून तो फिल्टर निफाडला जानेवारीच्या पहाटे पाच अंशांत ठेवला तर तो १,०८० हर्ट्झवर जाईल, आणि मे महिन्यात चाळीसला ९६० वर येईल. बटण कुणी फिरवलं नाही, हवेने फिरवलं. फाब्र यांच्या रेझिस्टन्समध्येही हाच व्हीटी बसलाय, त्यामुळे तिथेही सुटका नाही.

खऱ्या चिपा बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ते बायस करंटच असा देतात की तापमानाबरोबर तोही त्याच प्रमाणात चढेल, म्हणजे भागाकार जिथल्या तिथे राहतो. नाहीतर त्याच चिपेवर फिल्टरची जुळी नक्कल ठेवतात, तिला क्रिस्टलच्या ठोक्यावर बांधतात आणि तिला लागणारा करंट खऱ्या फिल्टरलाही देतात. आपल्याकडच्या प्रोजेक्ट रिपोर्टांत, आणि मी चाळलेल्या बऱ्याच पेपरांतही, ‘इलेक्ट्रॉनिकली ट्यूनेबल’ हे शब्द शीर्षकात असतात आणि तापमानाचा एक ग्राफही आत नसतो. सर्किट ब्रेडबोर्डवर उतरलेलं नसेल तर निम्मे गुण कापावेत, असं माझं मत आहे. कठोर वाटेल, वाटू दे.

या गटाने सर्किट बांधलं होतं, हे त्यांचं कौतुक. मी हॉस्टेलमधून हेअर ड्रायर मागवला. एका मुलीने तो चिपेवर धरला आणि आम्ही सगळे सीआरओच्या पडद्यावर वाकलो. अर्ध्या मिनिटात १ किलोहर्ट्झची उंच लाट बसत बसत पाव राहिली. “सर, चिप गेली!” एक जण ओरडला. ड्रायर बंद केला, लाट हळूहळू परत वर आली. मुलीने काही न बोलता फंक्शन जनरेटरची खुंटी ९००कडे फिरवली, ड्रायर पुन्हा लावला, आणि हरवलेलं शिखर तिला तिथे सापडलं. वहीत तिने आकडा लिहिला आणि शेजारी, न सांगताच, ‘गरम’. थर्मामीटर नव्हता.

निफाडकडचा एक मुलगा मागे उभा होता. म्हणाला, “जानेवारीत घरी नेतो सर, ओट्यावर ठेवतो. लॅपटॉपच्या साउंड कार्डवर मोजता येईल ना? फक्त बॅटरीवर चालवावं लागेल, पहाटे आमच्याकडे लाइट नसते.”