एका रात्रीचं अंतर

२८ मे २०२२. ऑस्ट्रियातल्या ग्योत्झिस गावी डेकॅथलॉनचा, म्हणजे दोन दिवसांत दहा प्रकार खेळण्याच्या स्पर्धेचा, पहिला दिवस. स्वित्झर्लंडच्या आपेनझेल भागातला बावीस वर्षांचा सिमॉन एहामर शंभर मीटर धावून लांब उडीच्या खड्ड्याकडे आला आणि ८.४५ मीटर उडाला. वारा नियमात होता. डेकॅथलॉनमध्ये एवढी लांब उडी तोवर कुणी मारली नव्हती. कॅनडाच्या डॅमियन वॉर्नरने आदल्याच वर्षी, याच मैदानावर, ८.२८ मारली होती. ती सतरा सेंटिमीटरनं मागे पडली.

हा आकडा नीट बघा. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकचं लांब उडीचं सुवर्ण ८.४१ मीटरला गेलं. ग्योत्झिसनंतर सात आठवड्यांनी युजीनला जागतिक स्पर्धा झाली. आपला मुरली श्रीशंकर जिथे ७.९६ मारून सातवा आला, तीच ती अंतिम फेरी. तिथे चीनच्या वांग ज्यानानला ८.३६ मीटरवर सुवर्ण मिळालं. ग्योत्झिसची उडी या दोन्ही ठिकाणी पहिली आली असती.

आणि ती मारली कशी? फक्त लांब उडी खेळणाऱ्याला, अंतिम फेरीत शेवटपर्यंत टिकला तर, सहा संधी मिळतात. डेकॅथलॉनवाल्याला तीनच. तिन्ही फाउल गेल्या तर त्या प्रकाराचे गुण शून्य, म्हणजे दोन दिवसांची मेहनत पाण्यात. त्यामुळे फळीच्या अगदी कडेवर पाय टाकताना त्याला दहादा विचार करावा लागतो. उडी झाली की वाळू झटकायची आणि त्याच दिवशी गोळा फेकायचा, उंच उडी मारायची, चारशे मीटर पळायचं. दुसऱ्या दिवशी आणखी पाच प्रकार. या सगळ्याच्या मधोमध ८.४५!

अशा खेळाडूला एक सल्ला ठरलेला असतो. एक काहीतरी धर. बाकीचे नऊ प्रकार सोड, म्हणजे लांब उडीत कुठच्या कुठे जाशील. वरवर हे शहाणपणाचं वाटतं. पण एहामरच्या नोंदी या सल्ल्याच्या बाजूनं साक्ष देत नाहीत. युजीनला तो फक्त लांब उडीत उतरला आणि ८.१६ मारून ब्राँझ घेऊन आला. महिनाभरानं म्युनिकच्या युरोपीय स्पर्धेत डेकॅथलॉनमध्ये ८४६८ गुण आणि रौप्य. मार्च २०२४ मध्ये ग्लासगोला बंदिस्त मैदानातल्या हेप्टॅथलॉनचं, म्हणजे सात प्रकारांच्या स्पर्धेचं, जगज्जेतेपद. जूनमध्ये रोमला युरोपीय स्पर्धेत लांब उडीचं ब्राँझ, ८.३१. ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा केवळ लांब उडी, ८.२० आणि चौथा क्रमांक. एकच प्रकार खेळून त्यानं पदकं मिळवली आहेत, हे खरंच. पण २०२२ मधली त्याची सर्वांत लांब उडी दहा प्रकारांच्या धबडग्यातली होती. वेग, उसळी, अंगावरचा ताबा हे त्याला त्या दहा प्रकारांतूनच मिळत असणार. झाड तोडून फळ मोठं करण्याचा हा सल्ला मला पटत नाही.

तरीही खेळाचा कारभार त्याला निवड करायला लावतो. तोंडानं नव्हे, वेळापत्रकानं. पॅरिसला डेकॅथलॉन २ आणि ३ ऑगस्टला होतं. शेवटची पंधराशे मीटरची शर्यत ३ तारखेला रात्री पावणेदहाच्या सुमारास. लांब उडीची पात्रता फेरी ४ तारखेला सकाळी अकराला. म्हणजे दोन दिवस, दहा प्रकार, शेवटी पंधराशे मीटर. मग मालिश, जेवण, जमली तर झोप, आणि सकाळी पुन्हा त्याच मैदानावर धावपट्टी मोजायला हजर. हे कुणाच्यानं व्हावं? बायकांच्या बाबतीत तर रात्रीचीही सोय नव्हती. हेप्टॅथलॉन ८ ऑगस्टला सुरू झालं आणि लांब उडीची अंतिम फेरी त्याच दिवशी. एहामरच्याच देशाची आनिक केलिन त्या हेप्टॅथलॉनमध्ये चौथी आली आणि पुढच्या मार्चमध्ये युरोपीय बंदिस्त स्पर्धेत लांब उडीचं रौप्य घेऊन गेली. असे खेळाडू अपवाद आहेत म्हणून सोडून द्यावेत, इतके दुर्मीळ नाहीत.

वेळापत्रक बसवणं अवघड असतं, मान्य. मैदान एकच, प्रकार चाळीसच्या वर, टीव्हीला संध्याकाळ हवी. पण हे जमणारच नाही असं कुणी म्हणू नये. १९८८ मध्ये सोलला जॅकी जॉयनर-कर्सीनं २४ सप्टेंबरला हेप्टॅथलॉन ७२९१ गुणांच्या विश्वविक्रमानं जिंकलं आणि २९ तारखेला लांब उडीचंही सुवर्ण घेतलं. दोन्ही सुवर्णांमध्ये पाच दिवसांचं अंतर होतं. तो विश्वविक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. १९९६ मध्ये अटलांटाला मायकेल जॉन्सनला दोनशे आणि चारशे दोन्ही पळता यावं म्हणून कार्यक्रमच बदलला गेला. त्यातून १९.३२ सेकंदांची ती दोनशे मीटर जगाला पाहायला मिळाली.

धावणाऱ्यासाठी कार्यक्रम हलतो, तर उडी मारणाऱ्यासाठी का हलू नये? पॅरिसची मैदानी स्पर्धा अकरा दिवसांची होती. लांब उडीची पात्रता फेरी चार दिवस पुढे ढकलली असती तर कुणाचंही पदक हुकलं नसतं. दोन्हींना पात्र ठरणाऱ्याला मात्र दोन्ही खेळता आलं असतं. पुढच्या स्पर्धेचा तक्ता आखायला बसणाऱ्यांनी आधी डेकॅथलॉनच्या दोन तारखा लिहाव्यात, आणि मग लांब उडीच्या, चार दिवस सोडून.