गिळण्याचा उपचार हाही हक्कच आहे

1888 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर, 1891 मध्ये प्रसिद्ध झाले. जयंतीच्या भाषणात आपण हे अभिमानाने सांगतो. पण आपल्या वस्तीत लकवा झालेल्या माणसाला पुढे काय उपचार मिळतात, हे आपण विचारतो का?

लुळा हात दिसतो, लुळा घसा दिसत नाही. लकव्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. काहींना तर ठसकाही लागत नाही. जेवल्यावर आवाज ओला होतो, अन्न गालात साचते, वरचेवर ताप येतो. घरचे म्हणतात, म्हातारीने अन्न सोडले. तिने सोडलेले नसते, तिला गिळता येत नसते. मायेपोटी कोणी तिला झोपल्या झोपल्या चमच्याने पाणी पाजतो, कोणी अंगाला कबुतराचे रक्त चोळायला सांगतो. पहिल्याने जीव धोक्यात येतो, दुसऱ्याने उपचाराचे दिवस वाया जातात.

यावर उपचार आहे. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणे शिकवत नाहीत, गिळणेही शिकवतात. तोंडाने काही देण्याआधी गिळण्याची तपासणी, रुग्णाला ताठ बसवून लहान घास, गरजेप्रमाणे घट्ट केलेले पातळ पदार्थ, हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे, जोर लावून गिळणे, जिभेचे व मानेचे व्यायाम. कोणाला काय चालेल हे तपासूनच ठरते. एकाचा व्यायाम दुसऱ्याला देऊ नये. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवणे आणि तोंड स्वच्छ ठेवणे मात्र घरीही जमते. यातल्या बहुतेक गोष्टींना मोठे यंत्र लागत नाही. शिकलेला माणूस लागतो, आणि काही आठवडे लागतात.

इथेच गरीब मागे पडतो. पातूरहून अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय तीसेक किलोमीटर. आलेगाव, चान्नीच्या मजुराला त्याहून लांब. रुग्णाला गाडीत घालून आठवड्यातून दोनदा नेणे म्हणजे भाडे वेगळे आणि रोजी बुडाली ती वेगळी. ज्या योजनेला महात्मा फुल्यांचे नाव आहे, तिच्या पॅकेजमध्ये सुटीनंतर 10 दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे येतात. घसा काय 10 दिवसांत गिळायला शिकतो?

संविधानाच्या 47 व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. लकव्याच्या प्रत्येक रुग्णाची गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय त्याला तोंडाने काही देऊ नये. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी स्पीच थेरपिस्ट यावा. आशाताईंना धोक्याच्या खुणा शिकवाव्यात.

तरुणांनो, जिल्ह्यात स्पीच थेरपिस्टची पदे मंजूर किती, भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर घेऊन ग्रामसभेत उभे राहा. बुद्धविहारातल्या पुढच्या बैठकीत लकव्याच्या रुग्णांची यादी करा. आपल्या माणसाचा घास अडतो तिथे नशिबाला दोष देऊ नका, व्यवस्थेला जाब विचारा.

जय भीम! जय संविधान!