भीती म्हणजे पुरावा नव्हे

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक स्त्रियांना मळमळते, ओकाऱ्या होतात. त्यावर औषध घ्यावे का? ‘गरोदर बाईने कसलेच औषध घेऊ नये’ असे उत्तर आपण नेहमी ऐकतो. ते मला पटत नाही. का, ते दोन औषधांच्या इतिहासावरून पाहू.

पहिले थॅलिडोमाइड. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ते झोपेचे औषध म्हणून विक्रीस आले. पुढे गरोदर स्त्रियांना मळमळीवरही दिले जाऊ लागले. गर्भावरील परिणाम नीट तपासलेच नव्हते, तरी ते निर्धोक असल्याची जाहिरात होत होती. जगभरात १०,०००हून अधिक मुले व्यंग घेऊन जन्मली. अनेकांच्या हातापायांची वाढच झाली नव्हती. १९६१च्या अखेरीस जर्मनीत हे औषध मागे घेण्यात आले. अमेरिकेत मात्र डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरेशा पुराव्याअभावी विक्रीची परवानगीच रोखून धरली होती.

दुसरे बेंडेक्टिन. डॉक्सिलामिन आणि ब-६ जीवनसत्त्व हे त्यातले मुख्य घटक. अमेरिकेत ते १९५६पासून मिळत होते. पण दुधाने तोंड पोळलेले लोक आता ताकही फुंकून पिऊ लागले. व्यंग असलेले मूल जन्मले की ठपका बेंडेक्टिनवर येई. शेकडो खटले झाले आणि १९८३ साली कंपनीने उत्पादन थांबवले.

आता थोडे गणित करा. एरवीही दर १०० मुलांपैकी सुमारे ३ मुलांत काही जन्मजात दोष असतो. म्हणजे एक लाख गर्भवतींनी नुसते साखरपाणी प्यायले, तरी सुमारे ३,००० मुलांत दोष दिसेल. मग तो साखरपाण्यामुळे म्हणायचा का? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! म्हणून औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मातांची तुलना करावी लागते. बेंडेक्टिनच्या बाबतीत अशा अनेक पाहण्यांत फरक आढळला नाही. ते बंद झाल्यावर जन्मजात दोष घटले नाहीत; ओकाऱ्यांमुळे इस्पितळात दाखल होणाऱ्या स्त्रिया मात्र वाढल्या. अखेर २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्सिलामिन व ब-६च्या मिश्रणाला पुन्हा मान्यता दिली. भारतातही डॉक्टर ते लिहून देतात.

गर्भवतीने मनाने कोणतेही औषध घेऊ नये, हे खरेच. पण डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेले औषध केवळ ऐकीव भीतीने टाकणेही चूकच. औषधाची स्तुती ऐका किंवा निंदा, पहिला प्रश्न एकच विचारा : तुलना कोणाशी केली?