खांदा, सुई आणि साखर



आज खताबियाण्यांचे काही सांगत नाही. आज खांद्याचे सांगतो, कारण गेल्या वर्षी माझाच उजवा खांदा धरला होता.

आमचे बिऱ्हाड खडकीला. सकाळी बुशशर्टाची बाही चढवताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. लोकलमध्ये वरच्या कडीला हात पोचेना. रात्री त्या कुशीवर झोप नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "पाठीवर पंप घेऊन प्रात्यक्षिके दाखवायचे वय राहिले का?" सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो, तेव्हा मलाही तेच कारण पटले.

शेजाऱ्यांनी सुचवले म्हणून अ‍ॅक्युपंक्चर करून घेतले. केसासारख्या बारीक सुया. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते. चार सुया खांद्याभोवती आणि एक चक्क नडगीजवळ! गुडघा आणि घोटा यांच्या मधल्या त्या जागेचा खांद्याशी संबंध आहे, असे चिनी वैद्यक मानते. वीस-पंचवीस मिनिटे पडून राहायचे. सहाव्या खेपेनंतर रात्रीची झोप लागू लागली.

ही विद्या चीनची. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्यातच बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. डॉ. बसूंनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून १९५९ साली ती भारतात आणली. जर्मनीत खांदेदुखीच्या ४२४ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी खऱ्या सुया घेतलेल्यांपैकी ६५ टक्क्यांचे दुखणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरले होते. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३७ टक्के होते, तर लुटुपुटीच्या सुयांत २४ टक्के. सगळ्याच चाचण्यांत मात्र इतका गुण दिसलेला नाही.

आता माझी चूक सांगतो. दुखणे उतरले, पण हात वर जाईना. दुखत नाही म्हणून मी तीन महिने तसेच काढले. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात वर उचलून पाहिला. त्यांनाही तो वर नेता येईना. "खांदा आखडलाय. साखर कधी तपासली होती?" तपासली, तर मधुमेह निघाला! मधुमेह असणाऱ्यांचे खांदे इतरांपेक्षा जास्त आखडतात.

पान पिवळे पडले की लगेच फवारू नका, आधी रोप उपटून मुळी पाहा, असे मी तुम्हाला तीस वर्षे सांगत आलो. स्वतःच्या खांद्याच्या वेळी मात्र तेच विसरलो. सुईने वेदना शमली, पण मूळ दुखणे कोणते हे ती सांगत नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

१. चाळिशीनंतर खांदा धरला तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि साखर तपासा.

२. स्वतःहून हात उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर वर जातो, असे असेल तर स्नायूची शीर तुटलेली असू शकते. पडल्यानंतर असे झाले तर थांबू नका.

३. खांदा दुखून छातीत दाब, घाम, धाप असेल तर तडक दवाखाना गाठा. ते हृदयाचे असू शकते.

४. सुया घ्यायच्या तर नोंदणी असलेल्याकडूनच घ्या. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा कायदा आहे. सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा.

५. व्यायाम सोडू नका. ओणवे होऊन हात लंबकासारखा झुलवा. भिंतीवर बोटे चालवत रोज थोडी वर न्या. आखडलेला खांदा सुटायला वर्ष-दोन वर्षेही लागतात.

मी भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. पहिली खूण छातीशी होती, कालची कपाळाच्या वर आहे. औत थांबले की तास अर्धे राहते, म्हणून रोज दहा मिनिटे भिंतीपाशी उभा राहतो. आपलाही खांदा कुरकुरत असेल तर या आठवड्यात तालुक्याला जाल तेव्हा बाजाराच्या पिशवीबरोबर साखरेची तपासणीही उरकून या.