वर्गणी त्यांची, वारसा आपला

'जय भीम' चित्रपट २ नोव्हेंबर २०२१ रोजी अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला. आम्ही देगलूरमध्ये तो वर्गणी भरून पाहिला. वर्गणी संपली की पडदा बंद. तो भाड्याचा माल.

घरातल्या १९७८ ते १९९४ च्या नामांतर लढ्याच्या कॅसेटी, भीमजयंतीचे चित्रीकरण, गावच्या शाहिरांचा आवाज मात्र आपल्या मालकीचा. टीव्हीवर दोन्ही एकाच यादीत मिसळले की कंपनीचा माल वर येतो, आपला शाहीर तळाला जातो. मग पोरांना तो सापडणार कसा?

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधताना आपल्या ग्रंथांना हक्काची जागा दिली. मित्रांनो, फितीला बुरशी लागण्याआधी तिची डिजिटल प्रत करा. वेगळ्या हार्डडिस्कवर नाव, गाव, साल लिहून ठेवा. दुसरी प्रत विहारात ठेवा.

आपला इतिहास कुणाच्या वर्गणीवर टांगू नका. जय भीम!