विषाणूची कुंडली मांडली, गरोदर बाईचे काय?

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट आधी विदर्भात उसळली. अमरावती विभागातल्या इतर जिल्ह्यांबरोबर आमच्या बुलढाण्यावरही पुन्हा निर्बंध आले. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन खास बदल झालेला विषाणू सापडला आहे. ‘डबल म्युटंट’ हा शब्द आमच्या बायांपर्यंत पोचला, अर्थ मात्र पोचला नाही.

विषाणू स्वतःच्या नकला काढतो तेव्हा चुका राहतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, एखादी त्याला बळ देते. हे बदल वाचण्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचे जाळे उभारले गेले. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्यात आहे. नवा प्रकार वेगाने पसरतो का, आजार गंभीर करतो का, लशीला दाद देत नाही का, हे पाहून जागतिक आरोग्य संघटना त्याला ‘लक्ष ठेवण्याजोगा’ किंवा ‘चिंताजनक’ ठरवते. मे २०२१ मध्ये बी.१.६१७ चिंताजनक ठरला. विषाणूवरून कुठल्या देशाची बदनामी होऊ नये म्हणून ३१ मेला ग्रीक अक्षरे आली आणि त्याची एक शाखा ‘डेल्टा’ झाली.

ही काळजी योग्यच. पण आजार गंभीर होतो म्हणजे कुणाचा, असे मी विचारते. आयसीएमआरने जून २०२१ मध्ये कोरोना झालेल्या १,५३० गरोदर व बाळंत स्त्रियांची आकडेवारी दिली. त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होते, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. यात विषाणूचा वाटा किती आणि न मिळालेल्या खाटेचा, ऑक्सिजनचा किती, हे या आकड्यांवरून कळत नाही. म्हणूनच दोन्ही नोंदी एकत्र हव्यात.

लसीकरण १६ जानेवारीला सुरू झाले तेव्हा गरोदर बाईला वगळले होते, कारण लशीच्या चाचण्यांत तिला घेतलेच नव्हते. परवानगी मिळाली २ जुलैला, लाट ओसरल्यावर.

मैत्रिणींनो, नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध १९८६ मध्ये स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. बाईला न विचारता तिच्यावर प्रयोग नको, असे आपण ठणकावून सांगितले. आता हेही सांगू या की, तिला न विचारता वगळणेही नको.

नवा प्रकार जाहीर होईल तेव्हा गरोदर बायांवरचा त्याचा परिणाम वेगळा सांगावा. ती माहिती सोप्या मराठीत प्राथमिक आरोग्य केंद्रात लावावी. घरोघर तापाच्या नोंदी करणाऱ्या आशाताईंना मोबदल्यासाठी जून २०२१ मध्ये संप करावा लागला. ही माहिती सर्वांत आधी त्यांच्या हाती द्यावी. येत्या ग्रामसभेत हे ठराव मांडा, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे निवेदने न्या.