‘ईदनंतर बघू’ नको, पुढच्या सहेरीपासून सुरू करू

रमजानचा पहिला अशरा सरला, दुसरा सुरू झाला. बाजारात फेण्यांचे ढीग वाढू लागले आहेत आणि घरोघर एक वाक्य ऐकू येऊ लागलं आहे, ‘अब ईद के बाद देखेंगे.’ हे वाक्य बहुतेक वेळा वजनाबद्दल असतं.

डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, साखर काठावर आली आहे, सात-आठ किलो वजन उतरवा. मग दिवाळीनंतर पहाटेचं चालणं सुरू होतं, रात्रीचा भात बंद होतो, तीन-चार किलो उतरतातही. रमजान येतो तेव्हा वाटतं, आता तर काम आणखी सोपं झालं. पहिले सहा-सात रोजे नीट जातात. मग कुठेतरी दावत होते. भजी, समोसे, दहीवडे, सरबताचे तीन ग्लास, त्यावर बिर्याणी आणि शेवटी ‘आमच्यासाठी एवढं तरी घ्या’ म्हणून वाढलेला डबल का मीठा. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो जास्त दाखवतो. माणूस म्हणतो, चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. आणि मग उरलेले वीस दिवस खाण्याला धरबंध राहत नाही.

माझं म्हणणं असं की, त्या एका दावतीने फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘ईदनंतर बघू’ने. आणि चुकल्यावर मार्गावर परत कसं यायचं, याचा धडा दुसरीकडे शोधायची गरज नाही. तो रोजाच्या नियमांतच दिलेला आहे.

आमचं तेलगाव हे साखर कारखान्याचं गाव. बीड, परळी, माजलगाव, धारूर अशा वाटा इथे मिळतात, त्यामुळे इफ्तारच्या वेळी हातगाड्यांभोवती गर्दी असते. ज्या जिल्ह्यातून दर हंगामात लाखो माणसं कोयता घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात, तिथे वजन कमी करण्याची चर्चा काहींना चैनीची वाटेल. पण आजार आता शहर आणि गाव असा भेद करत नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत. ज्याला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आहे, त्याच्यासाठी हा डोळ्यांचा, मूत्रपिंडांचा आणि पायांचा प्रश्न आहे. त्याने रमजानच्या मध्यावर हात टेकले तर नुकसान खरंखुरं होतं.

आधी काट्याचं खरं-खोटं पाहू. एका रात्रीत दीड किलो चरबी चढत नाही. शरीरात एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त जाव्या लागतात. दावतीत हजार कॅलरी जास्त गेल्या असं धरलं, तरी हिशेब सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या आसपास येतो. बाकीचं वजन पाण्याचं आणि अजून पचत असलेल्या अन्नाचं असतं. तळलेल्या, खारट पदार्थांतलं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. भात, मैदा आणि साखर यांतून स्नायूंत व यकृतात जो साठा होतो, तो आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी बरोबर ठेवतो. नेहमीचं जेवण सुरू झालं की दोन-चार दिवसांत हे पाणी उतरतं. मात्र रोज हजार कॅलरी जास्त, असे वीस दिवस गेले, तर तोच हिशेब अडीच किलोच्या पुढे जातो. म्हणजे भीती दावतीची नाही, तिच्यानंतरच्या वीस दिवसांची बाळगायची.

माणूस असं का वागतो, हे मानसशास्त्रज्ञांनीही तपासलं आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. काही जणांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीमची चव सांगायला बसवलं. जे एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हते, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. जे बंधन पाळत होते, त्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. पोट दोघांचंही भरलेलंच होतं. दुसऱ्यांच्या मनाने ठरवलं होतं की, आज तसंही मोडलंच आहे, मग थांबायचं कशाला? आपलं ‘ईदनंतर बघू’ हे त्याच जातीचं आहे.

आता रोजाचे नियम पाहा. एखादा रोजेदार विसरून पाणी प्यायला किंवा काही खाल्लं, तर त्याने काय करावं? प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण स्पष्ट आहे. त्याने आपला रोजा पूर्ण करावा, त्याला अल्लाहनेच खाऊ-पिऊ घातलं. आठवण आली त्या क्षणी हात थांबवायचा आणि रोजा पुढे चालू ठेवायचा.

कुणी म्हणेल, विसरून खाणं वेगळं आणि दावतीत समजून-उमजून ताव मारणं वेगळं. बरोबर आहे. मग समजून रोजा मोडणाऱ्याचं पाहू. त्याच्यावर जबाबदारी येते, तिचे नियम ठरलेले आहेत, आणि ते सौम्य नाहीत. पण हनफी फिकहनुसार त्यालाही त्या दिवसाचा उरलेला वेळ खाण्या-पिण्यापासून दूरच राहायचं असतं. रोजा तुटला म्हणून दिवसाची हुरमत तुटत नाही. दुपारी एक वाजता चूक झाली, तर एक वाजल्यानंतरचा दिवस मोकळा सोडून दिलेला नाही. वजनाच्या बाबतीत आपण नेमकं हेच विसरतो. एक जेवण हातातून गेलं की दिवस सोडतो, दिवस गेला की आठवडा, आणि आठवडा गेला की महिना.

दुसरा नियम कजाचा. आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे जितके रोजे सुटले, तितकेच नंतर पूर्ण करायचे, असं पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये सांगितलं आहे. एकास एक. दुप्पट नाही, व्याजासकट नाही. तिसरी गोष्ट म्हणजे, इफ्तार न करता एका रोजाला दुसरा जोडून सलग उपाशी राहण्याची मनाई प्रेषितांनी आपल्या सोबत्यांना केली होती. स्वतःला छळणं म्हणजे इबादत असा समज त्यांनी टिकू दिला नाही.

या दोन गोष्टी त्यांच्यासाठी, जे शरण जात नाहीत पण स्वतःला शिक्षा करतात. काल जास्त झालं म्हणून आज सहेरीच नको, इफ्तारला फक्त खजूर आणि पाणी, असं ठरवणारे बरेच असतात. सहेरीत बरकत आहे, असं हदीसमध्ये आलं आहे. ती सोडली की दुपारनंतर डोकं दुखतं, चिडचिड होते आणि मगरिबच्या अजानला भुकेचं भूत समोर बसलेलं असतं. मग त्या संध्याकाळी कालच्यापेक्षा जास्त खाल्लं जातं. आपल्या मराठीत ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात, ते उगीच नाही. उपास करणारा कोणत्याही धर्माचा असो, पोट सगळ्यांचं सारखंच वागतं.

मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, हा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा सल्ला आपल्या भागात घरोघर पोहोचला आहे. त्याचं मूळ ते स्वतः डॉ. श्रीकांत जिचकार यांच्याकडे नेतात. हा सल्ला सगळ्याच आहारतज्ज्ञांना मान्य आहे असं नाही. पण तो पाळणाऱ्यांची अडचण रोजेदारांसारखीच असते. लग्नात तिसऱ्यांदा ताटावर बसलं की ‘मोडलं’ म्हणून सगळंच सोडून देतात. पद्धत कोणतीही घ्या, ती टिकते की नाही हे चुकल्यानंतरच्या पहिल्या जेवणावर ठरतं.

म्हणून दावतीनंतरची पहिली सहेरी नेहमीसारखीच करा. ज्वारीची भाकरी, डाळ किंवा अंडी, वाटीभर दही. फेण्या नि दुधात साखर घालून भागवलं तर भूक लवकर लागते. इफ्तार ते सहेरी या वेळात थोडं थोडं करून पुरेसं पाणी प्या. दोन-तीन दिवस काट्याकडे जाऊ नका, आठवड्यातून एकदा वजन पाहिलं तरी पुष्कळ झालं. इफ्तारला खजूर आणि पाणी घेऊन मगरिबची नमाज पढा आणि मगच ताटावर बसा. या पंधरा मिनिटांत भुकेची धार बरीच कमी होते. भजी खायचीच असतील तर ताटलीत चार मोजून घ्या, परातीतून उचलू नका. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, एवढं लक्षात ठेवलं तरी हात आपोआप आखडतो. तरावीहला पायी जा आणि पायीच परत या.

घरच्या बायकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दुपारपासून चुलीपुढे त्या, सगळ्यांना वाढून शेवटी बसणाऱ्या त्या, आणि वाया जाऊ नये म्हणून उरलेलं संपवणाऱ्याही त्याच. मग वजन वाढलं म्हणून बोलणीही त्यांनाच खावी लागतात. सूरह आराफमध्ये खा, प्या पण अतिरेक करू नका, अशी ताकीद आहे. अन्न फेकणं हा जसा अतिरेक, तसंच भूक नसताना पोटात ढकलणं हाही अतिरेकच आहे. उरलेली भजी शेजारी पाठवा, रस्त्यावरच्या वाटसरूला द्या. त्याहून चांगलं म्हणजे, दहा पदार्थांची फर्माईश करणाऱ्या आम्हा पुरुषांनी ती तीनवर आणावी.

यजमानांनाही विनंती आहे. रोजेदाराला इफ्तार देणं मोठं सवाबाचं काम आहे. पण पाहुणा ‘बस’ म्हणाला की थांबणं हाही पाहुणचारच आहे. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही हदीस आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. दस्तरखानावर तिची आठवण यजमानाने करून दिली तर पाहुण्याला ‘नको’ म्हणणं सोपं जाईल.

ज्यांना मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी रोजा आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात. आजारी माणसाला शरियतने सवलत दिली आहे. आणि ज्यांचा खाण्यावरचा ताबा वरचेवर सुटतो, लपून खाल्लं जातं आणि नंतर स्वतःचीच घृणा वाटते, त्यांनी तो मनाचा कमकुवतपणा समजू नये. तो आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत.

अल्लाहला सर्वांत आवडतं ते कर्म, जे थोडं असलं तरी नित्य केलं जातं, अशी हदीस आहे. या महिन्यात ती नमाज आणि तिलावतीसाठी नेहमी सांगितली जाते. ती शरीराच्या अमानतीलाही तितकीच लागू पडते, असं मला वाटतं. चार प्लेट भजी खाल्ल्याने कुणी रहमतीबाहेर जात नाही, आणि एक दिवस उपाशी राहून कुणाचं वजन उतरत नाही. मधल्या अशऱ्याला आपण मगफिरतीचा अशरा म्हणतो. अल्लाहकडे माफीची आस धरणाऱ्याने स्वतःच्या देहालाही एक माफी द्यावी आणि उद्याच्या सहेरीला नेहमीच्या ताटावर परत यावं. ईद यायला अजून अवकाश आहे, सहेरी मात्र काही तासांवर आहे.

अल्लाह आपल्या सर्वांचे रोजे कबूल करो आणि आपल्याला सेहत व सातत्य देवो. आमीन.